शेवटचं पाणी

जब्बारनं पातेल्यावरचं फडकं बाजूला सारलं, वाफ तोंडावर घेतली आणि आतला काढा लाकडानं एकदा ढवळला. निंबाचा पाला काळवंडून तळाशी बसला होता. बाभळीच्या सालींनी पाण्याला मुरलेल्या चहाचा रंग दिला होता. त्यानं बोट बुडवून जिभेला लावलं. जीभ आखडली. म्हणजे जमलं.

समोर हौदात केळीचा धागा निजला होता. रात्रभर सोड्याच्या पाण्यात राहून त्याच्या अंगावरचा चीक, डिंक, मेण सगळं उतरलं होतं. मग साधं पाणी, मग सिरक्याचं पाणी, पुन्हा साधं. आता तो असा दिसत होता, जणू एखाद्या बाईनं न्हाऊन केस मोकळे सोडलेत आणि उन्हात बसल्या बसल्या तिचा डोळा लागलाय. लेकीनं, खुशनुमानं, जळगावला जाताना दिलेली कागदाची पट्टी जब्बारनं पाण्यात बुडवून पाहिली होती. पट्टीचा रंग बदलला नाही. लेकीच्या सांगण्याप्रमाणे धुणं संपलं होतं. आता फक्त पिळायचं आणि सावलीत दोरीवर टाकायचं.

जब्बारनं दोन्ही हातांनी पातेलं उचललं आणि काढा हौदात गाळून ओतला.

"जब्बारभाऊ, हाई काय व्हतं?"

दारात भागाबाई उभी होती. भाकर खाऊन आली होती, पदराला हात पुसत. धागा धुवायला, पिळायला ती यायची.

"काही नाही. शेवटचं पाणी."

"पोरीनी तर सांगेल व्हतं, शेवटलं पानी साधंच टाका म्हनीसन."

"पोरीनं कधी गादी भरलीय का?"

भागाबाई हसली. "तुमनं तुम्ही जाना, भाऊ. माले काय, धागा बी तोच, पिळनारी बी तीच." आणि साडी खोचून हौदाशी बसली.

धाग्यानं रंग हळूहळू घेतला. आधी कडांनी, मग पोटात. जब्बार बघत राहिला. त्याला वाटलं, कुणाच्या तरी कानात आपण एक गोष्ट सांगितली आणि त्या माणसानं नुसती मान हलवली.

*

हौद होता त्या चोपड्यातल्या बंद जिनिंगमध्ये एकेकाळी कापसाचे डोंगर असायचे. जब्बार पिंजारी. त्याच्या बापाच्या धनुकलीची तार छेडली की आळीतली पोरं दारात गोळा व्हायची, कापूस उडायचा आणि पोरांच्या पापण्या पांढऱ्या व्हायच्या. "गादीनं माणसाला पुरून उरावं," असं बाप म्हणायचा. म्हणून टाके घालायचा दोरा तो निंबाच्या आणि बाभळीच्या काढ्यात उकळायचा. मग ओल लागो, घाम लागो, तान्ह्या पोरानं काही करो, दोरा कुजत नसे. भरून दिलेली गादी उसवून दुकानात परत आली, तर पिंजाऱ्यानं आठवडाभर मान वर करू नये, असा रिवाज होता. नंतर दुकानादुकानांतून फोमच्या गाद्या आल्या. त्या उसवतही नव्हत्या आणि कुणाकडे परतही येत नव्हत्या. जब्बारचे हात रिकामे झाले. रिकामे हात झोपेतही हवेत काहीतरी पिंजत असायचे, असं त्याची बायको हसीनाबी सांगायची.

मग लेक जळगावला रसायनशास्त्र शिकून आली आणि केळीच्या खोडाच्या मागे लागली. घड कापल्यावर बांधावर फेकून देतात ते खोड. त्याचा धागा काढायचा, धुवायचा, बारीक कापायचा, खळीत कालवायचा, गरम साच्यात दाबायचा. त्याची कुंडी होते. केळीचं रोप नर्सरीत त्या कुंडीत वाढतं आणि कुंडीसकट जमिनीत जातं. काळी प्लास्टिकची पिशवी फाडायला नको, बांधावर त्या पिशव्यांचे ढीग नकोत, गुरांच्या पोटात जायला नकोत.

जिनिंग आता प्रेमराजकडे होती. त्याचे पणजोबा मारवाडातून कापसाच्या व्यापाराला आले. तो स्वतः केळीच्या रोपांची नर्सरी चालवायचा. त्यानं जिनिंगचा एक कोपरा आणि दाबायचं मशीन खुशनुमाला वापरायला दिलं होतं आणि बोलणं अगदी सरळ केलं होतं.

"हे बघ बेटी, कांदेबागेच्या लागवडीत, थंडीच्या तोंडाशी, एक वाफा तुझ्या कुंड्यांचा. मुळं कुंडीतून बाहेर आली, तर शेड तुझी, मशीन तुझं, माझी सगळी रोपं तुझ्याच कुंडीत. नाही आली, तर संक्रांतीनंतर मी इथं खताची पोती रचणार. मग माझ्यावर रुसायचं नाही."

"नाही रुसणार," खुशनुमा म्हणाली होती. "पोती दुसरीकडे बघून ठेवा."

हे सगळं जब्बारच्या समोर झालं होतं. त्यानं ऐकलंही होतं. पण कानांनी ऐकलेलं हातांपर्यंत पोचायला कधी कधी फार वेळ लागतो.

उन्हाळ्यात खुशनुमानं घरामागच्या मेंदीखाली हातानं केलेल्या पहिल्या काही कुंड्या रोपं लावून पुरल्या होत्या. एका सकाळी ती ओरडतच आत आली. तिच्या ओंजळीत मातीचा गोळा होता आणि त्यातून पांढरी मुळं लोंबत होती.

"अब्बा, बघा! बघा ना!"

"कुंडी कुठाय?"

"नाहीच! हेच तर!"

जब्बारनं गोळा उलटून पाहिला. "फाटली?"

"फाटली नाही, अब्बा. विरली."

आणि ती हसत होती. लहान असताना ती पडली की आधी हसायची. रडू मागून यायचं. जब्बार त्या रडण्याची वाट बघत राहिला. ते आलं नाही. पोरगी मोठी झाली, त्याला वाटलं, आता आतल्या आत रडायला शिकली. तिच्या हातची पहिली वस्तू, आणि चार दिवस मातीत टिकली नाही. शहरातली शिकलेली माणसं अशा गोष्टीला काहीतरी चांगलं नाव देत असतील. नाव दिल्यानं उसवलेलं शिवलं जातं का?

तेव्हापासून त्याच्या मनात तो काढा उकळत होता.

*

धागा दोऱ्यांवर चढला. उंच पत्र्यांच्या फटींतून ऊन तिरपं आत यायचं आणि त्या लांब बटांमध्ये अडकून बसायचं. वारा आला की सगळी शेड हलायची. वाटायचं, पाण्याच्या तळाशी उभे आहोत आणि वरून कुणीतरी होडी वल्हवत चाललंय. जब्बार त्या बटांतून हात फिरवत जायचा. कापूस असा नव्हता. कापूस हातात आला की लाडात यायचा. केळीचा धागा परका होता, थंड होता, पण त्याच्यात पाऊलवाटेसारखी एक सरळ ओढ होती. शेडच्या दुसऱ्या टोकाला भागाबाई पिळे घालत गुणगुणायची.

*केळी माय केळी माय, तुले एकच वं घड,*
*पिलानी वाट मोकळी, मातीमा तू वं पड...*

"भागाबाई, दुसरं काही येत नाही का? सकाळपासून तिला पाडतेच आहेस."

"पडनारच ना ती, भाऊ. उभी ऱ्हायनी तं बुडनं पिलू कोठे वाढी?"

संध्याकाळी खुशनुमा जळगावहून स्कूटीवर परत आली. हेल्मेट न काढताच दोऱ्यांखालून फिरली. एक बट उजेडात धरून तिनं डोळे बारीक केले.

"अब्बा, रंग वेगळा दिसतोय."

जब्बार खाली बसून फरशी पुसत होता. फरशी कोरडीच होती.

"मागच्या खेपेला पांढरा होता. बोअरच्या पाण्यात लोह वाढलं असेल." तिनं बट सोडून दिली. "पट्टी पाहिलीत?"

"पाहिली. काही बोलली नाही."

"मग ठीक."

कुंड्या झाल्या त्या गव्हाळ, टणक, हातात घेतल्या की बरं वाटावं अशा. प्रेमराज बघायला आला तेव्हा त्यानं एक उचलून टिचकी मारली.

"वा, चाचा! हिच्यात रोप कशाला, दही लावावं."

जब्बारचा ऊर भरून आला. त्या रात्री त्याच्या झोपेतल्या हातांनी काहीही पिंजलं नाही.

*

लागवड झाली. थंडी पडली. सातपुड्याकडून पहाटेचा गार वारा उतरू लागला आणि केळीच्या बागांवर धुकं असं पडून राहू लागलं, जणू कुणीतरी सगळ्या शिवारावर एकच दुलई टाकलीय. खुशनुमा दिवसाआड वाफा बघून यायची. रोपं उभी होती. पण नवं पान फुटायला वेळ लागत होता.

एका संध्याकाळी तिघं जेवायला बसले होते. खुशनुमा ताटातली भाकरी तशीच ठेवून नमाजाला उठून गेली. हसीनाबीनं आतल्या खोलीकडे मान वळवून पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"बघितलं? किती वेळ हात उचलून बसलीय. दुनियेतली पहिलीच पोरगी असेल, जी आपल्या हातची वस्तू सडावी म्हणून दुआ मागते."

"काय?"

"काय काय? सडली पाहिजे ती कुंडी. सडली तर शेड, नाही सडली तर पोती. एवढे दिवस तुमच्यासमोर तेच तर चाललंय. कान कुठं गहाण ठेवलेत? माझी मडकी फुटली की घर डोक्यावर घेता, आणि इथं फुटावी म्हणून..." ती बोलत राहिली. भाजी वाढली, भाकरी वाढली.

जब्बारचा घास हातातच राहिला. मेंदीखालचा तो मातीचा गोळा त्याला दिसला, लोंबणारी पांढरी मुळं दिसली, आणि लेकीचं हसणं दिसलं. त्या हसण्यामागून काहीच येणार नव्हतं. ते नुसतं हसणं होतं.

"कडू लागतंय का?" हसीनाबीनं विचारलं.

"नाही," तो म्हणाला, आणि घास गिळला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो चालतच प्रेमराजच्या शेतावर गेला. धुक्यात बाग कुठं सुरू होते ते कळत नव्हतं. पानं एकदम अंगावर यायची, ओला हात गालाला लावायची आणि मागे सरायची. तो वाफ्यात उतरला, एका रोपाशी उकिडवा बसला आणि बोटांनी माती उकरली. बोटाला कुंडीची कड लागली. गुळगुळीत. घट्ट. काल साच्यातून निघाल्यासारखी. त्यानं नख लावलं. नख सरकलं.

त्यानं पाटातून डबड्यानं पाणी आणून एकेका रोपाला घातलं. मग पुन्हा आणलं. कुठंतरी ऐकलं होतं की ताकानं लवकर कुजतं, म्हणून दुसऱ्या पहाटे घरातून ताक नेलं. तिसऱ्या पहाटे गूळपाणी. हसीनाबीला वाटलं, म्हातारपणी नवऱ्याला फिरायचा शौक लागला. धुकं रोज त्याला आत घ्यायचं आणि परत द्यायचं. वाफ्यात बसून तो हलक्या आवाजात त्या कुंड्यांशी बोलायचा. "सुट," म्हणायचा. "अगं सुट ना." गाद्या भरताना प्रत्येक टाक्याला तो मनात म्हणायचा ते नेमकं उलट होतं: धर. धरून राहा. आयुष्यभर त्याच्या तोंडात एकच शब्द बसला होता, आणि त्याच्या हातच्या वस्तूही तेवढाच शब्द ओळखत होत्या.

लेकीला सांगायचं तो रोज ठरवायचा. सकाळी चहाला बसलं की वाटायचं, आता. मग ती कप ठेवून उठायची, ओढणी गुंडाळायची, आणि तिच्या चालण्यात अजून इतकी आशा असायची की तो तिचा कप उचलून विसळायला न्यायचा.

*

संक्रांतीनंतर कुंड्या खोदून बघायच्या दिवशी ऊन मऊ होतं. प्रेमराज स्वेटर घालून बांधावर उभा होता. भागाबाई विळा घेऊन आली होती. खुशनुमानं खुरपं स्वतः हातात घेतलं.

पहिलं रोप निघालं ते कुंडीसकट. माती झटकली, तर कुंडी होती तशी. दुसरं तसंच. तिसऱ्याला खुशनुमानं कुंडी कडेनं कापली. आत मुळं होती, पुष्कळ होती, पण बाहेर जायला जागा नव्हती म्हणून ती कुंडीच्या पोटाशी गोल गोल फिरून राहिली होती, एकमेकींच्या गळ्यात हात घालून. जणू बाहेर कुणी दार लावून घेतलंय आणि पोरी आत फेर धरून बसल्यात.

"अरेरे," प्रेमराज म्हणाला. त्यानं एक कुंडी उचलून ठोकली. "ही तर घरातल्या तांब्यापेक्षा पक्की झाली, बेटी."

खुशनुमानं कुंडीचा एक तुकडा मोडायचा प्रयत्न केला, तो मोडेना. मग तिनं तो नाकाशी नेला. एकदा, मग डोळे मिटून पुन्हा एकदा. आणि तुकडा हळूच खाली ठेवला. वडिलांकडे तिनं पाहिलं नाही.

"धुण्यात चूक झाली, प्रेमराजभाऊ," ती म्हणाली. "शेवटच्या पाण्यात. माझी चूक."

भागाबाईनं तोंड उघडलं, मिटलं, आणि विळ्याची धार बघू लागली.

"तिची नाही," जब्बार म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच लांबून आल्यासारखा वाटला. "तिनं साधं पाणी सांगितलं होतं. काढा मी टाकला."

"कसला काढा?"

"गादीच्या दोऱ्याचा. निंब आणि बाभळीचा."

प्रेमराज बघतच राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं, पण ते हसू चेष्टेचं नव्हतं. त्याला कसलीतरी आठवण आली होती.

"चाचा, तुमच्या वडिलांनी आमच्या बाईच्या, म्हणजे आत्याच्या, लग्नात गादी भरली होती. सुगनबाई आजही तिच्यावरच झोपते. आम्ही दोनदा नवी आणली, तिनं परत पाठवली. तिन्ही सुनांनी तिच्यापुढे हात टेकले. मरतच नाही ती गादी." त्यानं हातातली कुंडी फिरवली. "म्हणजे हा तोच काढा."

"तोच," जब्बार म्हणाला.

प्रेमराजनं कुंडी बांधावर ठेवली.

"पोती मृगापर्यंत घरी ठेवतो," शेवटी प्रेमराज म्हणाला. "मृगबागेला, पावसाच्या तोंडाशी, एक वाफा अजून. त्यापुढे माझ्याच्यानं व्हायचं नाही. आणि ही रोपं आता मोकळी करा, नाहीतर बिचारी आतच फिरून मरतील."

तो गेला. मग तिघांनी वाफा वाटून घेतला. जब्बारकडे गादी उसवायची कात्री होती, वाकड्या पात्याची. त्यानं पहिल्या कुंडीला ती लावली तेव्हा कुंडीनं दाद दिली नाही. त्यानं जोर केला. कर्रकन आवाज झाला. असा आवाज चांगल्या कामाचाच होतो, हे त्याला ठाऊक होतं. एकेक कुंडी तो कापत गेला, मुळांना बोटांनी सोडवत गेला, रोप पुन्हा मातीत बसवत गेला. मुळं सुटताना बोटांना धरायची, जराशी, आणि मग सोडायची. दुपार कलली तरी भागाबाईनं आज गाणं काढलं नाही.

सगळी रोपं मोकळी झाली तेव्हा बांधावर कापलेल्या कुंड्यांचा ढीग पडला होता. भागाबाईनं त्यातल्या दोन जरा बऱ्या बघून उचलल्या.

"मी लई जास, भाऊ. कोंबडासले दाना टाकाले कामी येतीन." आणि जाता जाता खुशनुमाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "माय, बाप शे ना तो. जाऊ दे."

*

घरी परतताना जब्बार स्कूटीवर मागे बसला होता. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा मागे जात होत्या, एकीमागे एक, पुस्तकाच्या उलटत्या पानांसारख्या.

"टाकण्याआधी मला एकदा विचारायचं होतंत," खुशनुमा पुढे बघतच म्हणाली.

"हो."

"उन्हाळ्यातलं तुम्हाला दाखवलं होतं मी. ओंजळीत आणून."

"मला वाटलं, तुला वाईट वाटलंय."

तिनं स्कूटीचा वेग कमी केला. मान किंचित मागे वळवली, जणू तो काय म्हणाला ते पुन्हा ऐकायचं होतं. मग वळवली तशी सरळ केली.

"उद्यापासून धुवायला मी नको," जब्बार म्हणाला. "भागाबाईला सांग. नाहीतर तू कर. माझ्या हातांना एकच येतं."

गाव जवळ आलं. नाल्याच्या काठाला कबरस्तानाची पडकी भिंत दिसली, तशी जब्बारनं तिच्या खांद्याला हात लावला.

"जरा थांबव."

"आत्ता?"

"आलोच."

ती फाटकाशी थांबली. तो आत गेला.

शबे-बारातला तो दरवर्षी यायचा तेव्हा गर्दी असायची, अगरबत्त्यांचा धूर असायचा, लोक आपापल्या माणसांच्या कबरींवर माती चढवत असायचे. तोही बापाच्या कबरीवर माती चढवायचा. पावसानं खचलेला उंचवटा पुन्हा बांधायचा, हातानं थापायचा, डोक्याशी दगड नीट करायचा. बापाची कबर कच्चीच होती, सगळ्यांच्या असतात तशी. पण दरवर्षी तो ती इतकी घट्ट थापायचा की भावकीतले म्हणायचे, जब्बार, बापाला गादी भरतोस का रे.

यंदा पावसाळ्यात नाला आत शिरला होता. पावसानंतर तो आज पहिल्यांदाच येत होता. बोरीच्या झाडापासून डावीकडे, एवढंच त्याला पक्कं ठाऊक होतं. तो बोरीपाशी गेला. डावीकडे वळला. दगड नव्हता. उंचवटा नव्हता. मावळतीचं ऊन जमिनीलगत येऊन पडलं होतं आणि त्या उन्हात नुसतं गवत होतं. गुडघ्यापर्यंत, शेंड्यांना सोनेरी झालेलं, बुडाशी अजून हिरवं. तो थोडं पुढे गेला, थोडं मागे आला. इथं असेल. किंवा इथं. कुठं पाय ठेवावा आणि कुठं ठेवू नये, ते कळेना, म्हणून त्यानं चपला काढून हातात घेतल्या.

मग तो वाकला. दोन्ही हातांनी माती ओढायला म्हणून त्यानं बोटं गवताच्या बुडाशी घातली. माती ओलसर होती, भुसभुशीत होती, मुळांनी भरलेली होती. बोटं आत गेली ती कुठंच अडली नाहीत.

कितीतरी वेळ तो तसाच वाकलेला राहिला. नंतर त्यानं हात बाहेर काढले, झटकले आणि सरळ उभं राहून, नेमकं कुणाकडे तोंड आहे हे न बघता, साऱ्या गवताला उद्देशून फातिहा पढला.

फाटकाशी खुशनुमा स्कूटीला टेकून उभी होती. तिनं त्याच्या हातांकडे पाहिलं. नखांत माती होती.

"दादाजानची सापडली?"

"नाही."

"मग माती कुठं चढवलीत?"

"चढवली नाही," जब्बार म्हणाला. चपला खाली टाकून त्यात पाय सरकवताना तो म्हणाला, "गवत आलंय. चांगलं आलंय. दाट."

खुशनुमा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं स्कूटी चालू केली. जब्बार मागे बसला, तिच्या ओढणीचं टोक चाकाकडे लोंबत होतं ते उचलून त्यानं तिच्या खांद्यावर टाकलं.

"उद्या जळगावला जाणार होतीस ना? सोडा आणायला?"

"हो. पण मग धुवायला..."

"जा निवांत," तो म्हणाला. "साधं पाणी टाकायला मी आहे."